शंभरात नऊ

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडपासून
समुद्र चारशे किलोमीटर लांब,
तरी यादगिरीमामा दाराकडं पाठ करून कधी बसत नाही.
पंधरा वर्षं जहाजाच्या पोटात,
अंधाऱ्या खोलीत, हिरव्या पडद्यापुढं बसला.
आता टॉवेल तपासतो. मी घड्या घालते.

एकदा मी सरळच विचारलं :
क्षेपणास्त्र आलं तर जहाज वाचतं का?
त्यानं हातातला नग पालथा केला,
सुटलेला एक फासा नखानं ओढला.
बाहेर कुणी विचारलं तर हो म्हणायचं, म्हणाला.
तुला म्हणून हिशेब सांगतो.

समुद्र सपाट दिसतो, पण पृथ्वीला पाठीचा बाक आहे.
ते येतं पाणी चाटत,
या शेडच्या पत्र्याहूनही खालून.
बाकामागून डोकं वर काढीपर्यंत
रडार कितीही शहाणं असू दे, आंधळंच.
दिसलं, की उरले ऐंशी सेकंद.
ऐंशी सेकंदांत हा माग काय विणतो बघ :
त्यानं धावत्या कापडाला हात लावला,
चार बोटं.
आणि आवाजाच्या पुढं पळणारं असेल
तर दीड बोट.

तेवढ्यात ठरवायचं, पक्षी आहे, लाट आहे का तेच आहे.
तेवढ्यात एकानं दुसऱ्याला विचारायचं
आणि दुसऱ्यानं ऐकू आलं नाही म्हणायचं.

मग आपला बाण. धर, दहातली सात तो अडवतो.
(सात मी धरलेत. खरा आकडा कुणी सांगत नाही.)
प्रत्येकावर दोन-दोन सोडले
तरी शंभरातली नऊ आत येतात.
मी पुठ्ठ्यावर मांडून पाहिलं. नऊच.

शंभरात नऊ म्हणजे आमच्याकडं बरी पाळी.
शेठ कुरकुरत नाहीत.
नऊ नग सेकंड म्हणून वेगळे बांधायचे,
मंगळवार बाजारात किलोवर जातात,
कुणीतरी त्यांनीच गाडी पुसतं.
जहाजात सेकंड माल नसतो, बिड्डा,
मामा म्हणाला, आणि पुढचा नग घेतला.

वरच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती.
त्यानं टॉवेल झटकला,
रुईचे तंतू उठले, तिरिपीत दाट झाले.
असंच, म्हणाला. हवेत जर उधळायची,
केसाहून बारीक, नुसती जर.
त्याला वाटतं हेच जहाज,
आणि ते त्या झगमगाटाच्या मागं जातं.
माझं ऐकशील तर तोफेपेक्षा मी या कचऱ्याला मानतो.
फक्त वारा बघावा लागतो.
वारा फिरला की ढग आपल्याच डोक्यावर.

आणि तोफ?
तोफ म्हणजे आपले चाळीस माग एकाच दमात.
ती फोडते. खरंच फोडते.
पण इतक्या जवळ, की तुकड्यांना
आपण मेलोय हे कळत नाही,
ते जळत तसेच पुढं येतात.

तुम्ही पाडलंत कधी?
सरावात, एक. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.
पण ते किती वाजता येणार, कुठल्या बाजूनं,
आम्हाला नाश्त्यालाच ठाऊक होतं.
खरं येईल तेव्हा माणूस चहा पीत असतो.

मी हसले. तो हसला नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
चाळीस माग एकदम गप्प.
पोरं तंबाखू मळायला बाहेर पळाली,
रस्त्यावरचा भंगारवाला स्पष्ट ऐकू यायला लागला.
मामा मात्र उभा राहिला होता,
टॉवेल छातीशी धरून, ओठ हलत होते.
पंधरा. सोळा. सतरा.
मी घडी अर्धी तशीच ठेवली.

जनरेटर लागला तेव्हा तो एक्क्याऐंशीवर होता.
उशीर, म्हणाला.
मग बसला, दाराकडं तोंड करून,
आणि मी दिलेला नग उलटा-सुलटा करून पाहिला,
त्यात काही खोट नव्हती,
तरी परत पाहिला.