उतारी

पुण्याहून आलेला मुलगा विचारतो,
बाई, 'उतारी'चा अर्थ सांगाल?
त्याच्या वहीत तीन रकाने: शब्द, अर्थ, वापर.
मी सामानघराची कारकून,
रकाने भरण्यात माझं आयुष्य गेलं:
नग किती, कुलूप आहे का, किती वाजता ठेवलं.

लिही.
उतारी. स्त्रीलिंगी.
मेंढीकोटात पहिलं पान टाकायचा हक्क.
वापर: "उतारी कुणाची रे?"
"लगमाची. आणि त्यो बसलाय मिशी पिळत."
ज्यानं मागचा हात केला, उतारी त्याची.
तो बदाम टाकेल तर सगळ्यांनी बदाम,
नसलाच हातात, तर हुकूम काढावा
आणि भिडूच्या नजरेला नजर देऊ नये.

हे कोशात आहे, मुलगा म्हणतो.

मग दुसरा लिही, हा नसेल.
कोल्हापुरात रूळ संपतात.
पुढं बफर, बफरापलीकडं रिक्षा.
म्हणजे झोपलेल्यालाही इथं उतरावंच लागतं.
गाडी थांबायच्या आत
ज्या हमालाचा हात पहिल्या डागावर पडला
उतारी त्याची.
मग डाग पाच असोत की पंधरा,
होल्डॉल, शिलाई मशीन, लोणच्याची बरणी,
दुसऱ्यानं बोट लावायचं नाही.
कुठल्या कागदावर नव्हतं हे.
इलाही नदाफनं एकदा मोडून बघितलं,
आठ दिवस त्याला कुणी पानं वाटली नाहीत.

आणि वापर? त्याचं पेन थांबलंय.

वापर असा.
ब्याऐंशीचा डिसेंबर, मिरजेकडून शेवटची गाडी.
नवरा सिग्नलच्या कामावर, न्यायला येणार होता,
आला नव्हता.
मी, आणि मोर रंगवलेली लोखंडी ट्रंक,
आत माहेरची सगळी पितळ.
दिव्याखाली चौघे पोत्यावर खेळत होते.
एकानं पानं पालथी टाकली, धावत आला,
ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून ओरडला,
उतारी माझी!
मला वाटलं, चोर.
मी दुसरी कडी सोडेना.
"ओ वैनी, उतारी म्हंजे आता वजन माझं.
ट्रंक तुमचीच हाय."

पैसे नाहीत, हे मी सांगितलं
टेंबलाईच्या चढावर, निम्म्यात.
तो थांबलासुद्धा नाही.
"उतारी केल्यावर पान माघारी घेता येत न्हाई."
तेवढंच बोलला, आणि धापा टाकत
मोर डोक्यावर घेऊन पुढं चालत राहिला.

तो लगमा.

पुढं बॅगांना चाकं फुटली.
माणसं एका हातानं ओढतात, दुसऱ्यानं फोनवर बोलतात,
फरशीवर नुसती खडखड.
ओरडावं असा डाग उरला नाही.
शब्द पत्त्यांत राहिला, तेवढाच.
मग तिथंही भिडू कमी झाले:
बंडा लोहार लेकीकडं इचलकरंजीला,
इलाही गेल्या रमजानच्या आधी गेला.
नवऱ्यामागं मला ही खिडकी मिळाली,
आणि लगमाला, लाल सदरा सुटला तरी,
खिडकीसमोरचा बाक.

दोघांत मेंढीकोट होत नाही.
आम्ही तरी चार जागी वाटतो.
बंडाची पानं मी खेळते, अगदी बंडासारखी, घाईनं.
इलाहीची पालथीच ठेवतो,
पाळी आली की वरचं एक उलटायचं.
रंग चुकला तर चुकला, त्याला माफ.

परवा त्याच्या गड्डीतून किलवरचा एक्का निघाला.
लगमाची दश्शी गेली. हात इलाहीचा.
उतारीही त्याचीच.
पान उलटायला मी बोट पुढं केलं,
लगमा म्हणाला, थांब की.
त्याला जरा बघू दे.
तेवढ्यात गाडी लागली,
चाकं खडखडत गेली, हमालसुद्धा उठले नाहीत.
आम्ही बसून राहिलो.

मुलगा विचारतो,
हे कुठल्या रकान्यात घालू?

ते तू बघ.
तुझ्या बॅगेची पावती घे आधी,
चारला खिडकी बंद होते.