फ्लक्स

भोसरी, जे ब्लॉक. प्रेस शॉपच्या मागच्या टाकीत
जे उतरतं ते दुधासारखं दिसतं.
नव्या पोराला मुलाणी विचारतात,
"चहा टाकायचा का याचा?"

कूलंट आहे. लेथचं, ग्राइंडिंगचं,
आठवडाभर पोलाद थंड करून दमलेलं.
तेल पाण्यात इतकं मुरलंय
की रात्रभर ठेवलं तरी वर येत नाही.
भांडलेल्यांना वेगळं करता येतं.
इतकं जमलेल्यांचं काय करायचं?

पंप लागतो. चार बार.
नळ्यांच्या आत पडदा,
त्याची छिद्रं मी कधी पाहिली नाहीत,
फक्त वहीत लिहिते:
ताशी सहाशे लिटर. पाचशे दहा. चारशे वीस.
अडवलेलं सगळं त्याच्याच अंगावर बसत जातं.

पहाटे तीनला मुलाणी कॉस्टिक गरम करतात,
नळ्यांतून फिरवत राहतात, घाई न करता.
त्यांच्या स्वतःच्या नखांतलं काळं
एकवीस वर्षांत कुठल्याच साबणाला गेलेलं नाही.

मग येतं ते नितळ.
बीकर ट्यूबलाइटसमोर धरते,
पलीकडे मुलाण्यांचा चेहरा, जरा रुंद.
"पिणार?"
हसतो दोघं. नाही पिणार.

थोडं कुंपणाच्या कण्हेरीला,
बाकीचं नाल्यात,
जिथं शेजारच्या गेटाखालून रात्री
कुणीतरी इंद्रधनुष्य सोडलंय.

मुलाणी तिकडे बघत नाहीत.
"फ्लक्स बघ. चढला?"
पाचशे नव्वद.
सहाशे नाही.
धुतल्यावरही दर वेळी
तेवढं त्याच्याकडेच राहतं.