पंधरा सेकंद

कोगनोळीच्या नाक्याअलीकडं माझं पंक्चरचं दुकान.
इथं फोनला नक्की कळत नाही, तो कुणाचा.
स्टुलावर बसलो की कर्नाटकात असतो,
कॉम्प्रेसरजवळ उभा राहिलो
की पलीकडचा टॉवर त्याला ओढून घेतो.
या ओढाताणीत कधी कधी
घोडा हवेतच राहतो,
अडीच घरांतलं दीडच चालून.

रात्री दहानंतर गाड्या विरळ होतात.
मी तीन मिनिटांचे डाव टाकतो.
समोर कोण, माहीत नसतं. नुसतं नाव:
करदंट सत्त्याहत्तर.
गोकाकचा असणार. किंवा नुसताच गोडाचा शौकीन.

परवा माझ्याकडं अकरा सेकंद होते, त्याच्याकडं दोन.
माझा वजीर शाबूत, दोन प्यादी जास्त.
फक्त हलत राहायचं होतं.
त्यानं चाल केली. दोन.
आणखी एक केली. दोन.
सात चाली झाल्या, तरी त्याचं घड्याळ
पैसे मागितल्यावर ऐकू न येणाऱ्या ड्रायव्हरासारखं
ढिम्म.
माझे अकराचे शून्य झाले.

मी लिहिलं: चोर.
मराठीतच लिहिलं. कळलं तर कळू दे.
मग तक्रारीचं बटण दाबलं.

शेजारी इम्तियाजची चहाची गाडी. तो म्हणाला,
"वाटेतला वेळ मशीन धरत नाही बघ.
चाल रस्त्यात अडकली
तर तेवढा वेळ परत देतंय."
"आणि मुद्दाम अडकवली तर?"
"तरीबी देतंय, थोडा.
त्याला लांबनं दोघं सारखेच दिसणार की."

ट्यूब टपात धरली की गळती बोलते.
बुडबुडा सांगतो, हितं.
सेकंदाला बुडबुडा नसतो.
गोकाकहून निघालेला सेकंद कुठं झिरपला,
घटप्रभेच्या पुलावर, संकेश्वरात,
की माझ्याच स्टुलाखाली,
कुठल्या टपात बघणार?

आणि एक सांगतो.
टायर बसलेला प्रत्येक माणूस
गाडी ढकलत इथवर येतो, घाम पुसतो,
आणि आधी माझ्याकडं बघतो.
खिळे यानंच टाकलेत.
बोलत कुणी नाही. पैसे देताना नोट जरा जोरात ठेवतात.
एकवीस वर्षं ती नजर मी ओळखतो.
परवा रात्री ती माझ्या डोळ्यांत होती,
आणि मी ओळखली नाही.

उत्तर आलं उशिरा, मोडक्या मराठीत:
"चोर नाही मी. इकडं तुमचंच थांबलंतं,
अकरावर. मी पण तेच म्हणलो मनात.
लिहिलो नाही."

लिहिलो नाही.
चहा गार झाला तरी मी ते दोन शब्द वाचत बसलो.
तक्रार मागं घ्यायचं बटण कुठं सापडेना.
मग नवा डाव मांडला.

निम्म्यात आलो होतो, चाल माझी,
तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत दारात.
"हवा भर लौकर, मागं लाईन लागलीया."
एक मिनिट अडतीस होतं माझ्याकडं.
ट्रॉलीची चार चाकं, शिवाय एक व्हॉल्व बदलला.
हा वेळ काही वाटेत अडकला नव्हता.
टॉवर ठीक होता, रेंज पूर्ण.
हा माझाच, खराखुरा, खर्चून टाकलेला वेळ.
डाव गेला असणार, म्हणत काळ्या हातांनी फोन उचलला.

घड्याळात अजून एकवीस सेकंद होते.
खाली ओळीनं आलेलं:
पंधरा सेकंद दिले. पंधरा सेकंद दिले.
पंधरा. पंधरा. पंधरा...
गोकाकात की कुठं, तो माणूस बसून
बोटानं मला वेळ पाजत होता,
चिमणीच्या पिलाला पाजावं तसा.

त्यानं विचारलं, "नेटवर्क?"

इम्तियाज बघत होता.
काचेवर माझ्या अंगठ्याचं ग्रीस लागलं.
मी लिहिलं, "व्हय. रेंज गेलती."

आणि हत्ती एक घर सरकवला.