तीन शून्यं

सावद्याचं रायपनिंग चेंबर. खोली नंबर चारचं दार,
स्क्रीन म्हणते, उघडलं २१ जानेवारी १९७० ला.
फेगडे आप्पा चष्मा कपाळावर सरकवतात :
"तव्हा तं मी तिसरीत होतो, भो."

भिंतीवरचं यंत्र सेकंद पाठवतं,
फोन ते मिलिसेकंद समजतो.
हिशेब दोघांचाही चोख.
मधे एकक विचारायला हवं होतं कुणीतरी.
मी.

तीन शून्यं, एकच ओळ.
तरी बोट थांबतं :
या चुकलेल्या पंचांगात आजचा अख्खा दिवस
दीड मिनिटाचा,
आणि आप्पांची पाटी, लग्न, दोन बायपास,
ही खोली, हा मी
एकवीस दिवसांत मावलेले.

दाबतो.
तारीख येते. दार उघडलं काल रात्री पावणेअकराला.
"खोटं. पहाटे सव्वाचारला उघडलं म्या,
रात्री तं घोरत होतो."
साडेपाच तास.
तेही जोडतो.

आप्पा आत जातात, गार हवा बाहेर येते.
अंगठ्यानं एक केळ दाबून पाहतात.
ट्रक कधी भरायचा?
"उन्हं उतरली का."

वहीत तसंच टिपतो,
एककासह.