रुमालाखालचा भाव

आवटी सरांनी मला तर्कशास्त्रात एकोणतीस मार्क दिले.
पस्तीसला पास.
मग मी बापूंच्या अडतीत बसलो, सांगलीच्या मार्केट यार्डात,
जिथं शिंकसुद्धा पिवळी येते.

पायगोंडा आवटी, तोलाराचा मुलगा.
लहानपणी बापाबरोबर पोत्यांना चिठ्ठ्या बांधायचा:
गाव, वजन, राजापुरी की दुसरी कुठली.
त्याच चिठ्ठ्यांतून बत्तिसाव्या वर्षी पुस्तक निघालं.
शब्द म्हणजे चिठ्ठी, जग म्हणजे गोदाम,
सुतळी पक्की असली की अर्थ सुटत नाही.
दोनशे प्रती छापल्या, एकशे साठ घरीच राहिल्या.
पुण्याहून कुणी कळवलं, विचार करण्याजोगं आहे.
सर म्हणाले, म्हणजे वाचलेलं नाही.

मग पूर आला.
कृष्णा हरिपुरात शिरली, पेवांत शिरली.
वर माणूसभर तोंड, खाली घरभर हळद,
सगळी सडून वर आली.
सर गुडघाभर गाळात उभे,
हातात एका पोत्याची चिठ्ठी.
अक्षरं धुऊन गेलेली. सुतळी पक्की.

त्यानंतर लिहिणं थांबलं. नुसते विचारत फिरायचे.
न्हाव्याला म्हणाले, पेव फुटलं म्हणतोस,
पेव पाहिलंयस कधी?
'न्हाई बा. पण क्लासचं फुटलंय बघा विश्रामबागला.'
अर्धी दाढी तशीच ठेवून सरांनी वही काढली:
वस्तू बुडाली, शब्द पोहून आला.
कुणाच्या खांद्यावर बसून?

एकदा अडतीत आले.
आता बोली उघड होते, मोठ्यानं.
सर म्हणाले, जुना सौदा दाखवा, रुमालाखालचा.
बापूंनी खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला,
आत दोन बोटं दाबली.
'दोन?'
'दोन नव्हं, दोनशे.'
'वीस का नाही? दोन हजार का नाही?'
'सर, विसात हळद मिळती व्हय?
माल म्होरं हाय, तुम्ही हाय, मी हाय.
सगळं बोटानंच कशाला सांगायचं?'
सर टॉवेलाखाली हात तसाच ठेवून बसले,
चहावर साय आली तरी.
बाहेर हमाल ओरडत होते, वाट सोडा, वाट.

त्या तारखेचं पान मी पुढे पाहिलं.
वर लिहिलेलं: बापूंची शाळा.
खाली एकच शब्द, बस्तीत लहानपणी कानावर पडलेला:
स्यात्.
पुढे टिंबं, पान संपेपर्यंत.

मागच्या पौषात वाचा गेली, उजवी बाजूही.
मिरजेच्या दवाखान्यात मी कॉटशी बसलो होतो.
डाव्या हातानं त्यांनी चादर ओढली,
माझा हात झाकला
आणि तीन बोटं दाबली.

तीन. कशाचे तीन, सर?
मधे माल नव्हता, तराजू नव्हता.
तीन दिवस उरलेत? तीन मुलं, त्यातलं एक गेलेलं?
की तिसरं पुस्तक, जे झालंच नाही?
मी अर्थ रचत गेलो, पोत्यांची थप्पी लावावी तसे,
स्वतःच्याच हुशारीनं घसा दाटून आला.
त्यांनी पुन्हा दाबली. जोरात, वैतागून.

'तीन म्हणतायत,' मी म्हणालो.
इंदुमतीबाई थर्मास विसळत होत्या.
मागे न बघता म्हणाल्या, 'खिडकी लाव. वारं लागतंय त्यांना.'
'तीन म्हणजे खिडकी? हे कधी ठरलं?'
'ठरलं कुठं. झालं.'

मी उठलो. खाली रिक्षावाला फोनवर सांगत होता,
लॅबचं नुसतं पेव फुटलंय इथं, कुठली म्हणून सांगू?
खिडकी लावायची राहिली.
मागे बघितलं तर सरांचा अर्धा चेहरा हसत होता,
डावा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता.

वही, मी म्हणालो.
बाई म्हणाल्या, चष्मा.