खोडरबर दाराशी ठेवा

मंगळवारी सात वाजता, चर्चच्या तळघरात,
आधी मी बिस्किटांचा रिकामा डबा फिरवते:
खोडरबर यात टाका, जाताना परत मिळतील.
लोक हसतात. मग खिसे चाचपतात,
विमानतळावर चाचपावेत तसे.

आर्ब्रोथमध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
जिना उतरणाऱ्या प्रत्येक कोटाबरोबर
धुरावल्या हॅडॉकचा वास खाली येतो
आणि एक वाक्य, कोटाशेजारीच खुंटीला अडकवायचं:
"मला चित्र येत नाही हं, आधीच सांगतो."

डूगल हे वाक्य सदुसष्ट वर्षं वापरतोय.
चौथीच्या बाईंनी त्याचा घोडा अख्ख्या वर्गाला दाखवला होता,
घोडा कसा नसावा, म्हणून.
पुढे चाळीस वर्षं त्याने जहाजांना वेल्डिंग केलं,
थेंबभर पाणी आत येऊ न देणाऱ्या रेघा मारल्या.
पण त्या रेघा नव्हेत, म्हणतो,
ते काम होतं.

मी वाद घालत नाही. काठी देते.
हातभर बांबू, टोकाला कोळसा बांधलेला,
कागद जमिनीवर. आता काढा किटली.
सगळ्यांचीच वाकडी येते, तोच तर डाव.
वाकडेपणात पहिला नंबर नसतो.

एफी डाव्या हाताने समोरच्याचं नाक काढते.
फिश फॅक्टरीतून थेट आलेली यादविगा
कागदाकडे न बघता स्वतःची बोटं काढते.
मोजली तर आठ भरतात.
"दोन अजून कामावर आहेत," म्हणते.

डूगल काढायला गेला किटली, झाला घोडा.
काठीवर रेलून तो बराच वेळ बघत राहिला.
"हा तोच आहे," म्हणाला.
एवढंच.

खरं सांगायचं तर मला हे खेळ जमत नाहीत.
चार वर्षं कलाशाळेत घोटून घोटून
माझा हात इतका शहाणा झालाय
की डोळे मिटले तरी चुकत नाही.
म्हणून मी फिरत राहते, पेन्सिलींना टोक करते,
चहाचं पाणी ठेवते,
"छान" म्हणायचं नाही हा इथला नियम
सगळ्यांत जास्त वेळा मीच मोडते.

त्या मंगळवारी सगळे लांब टेबलाशी बसलेले,
आणि मी मीटरमध्ये नाणं टाकायला विसरलेली.
खट्ट.
तळघर काळंकुट्ट.
कुणी ओरडलं नाही. कोळसे थांबलेच नाहीत.
खरखर, खरखर,
भिंतीतलं उंदरांचं कुटुंब बिऱ्हाड हलवत असावं तशी.
मी चाचपत एक खुर्ची गाठली,
कुणाचा तरी तुकडा हाती लागला
आणि काढायला लागले. काय, ते माहीत नाही.
कुणाचं तरी कोपर लागलं.
कागद संपला वाटतं,
खाली गुळगुळीत काहीतरी, टेबल असेल.
असू दे.

सोरली पोस्टमन. काळोखात
दारांच्या फटी शोधायची त्याला सवय.
त्यानेच मीटरची फट शोधून पौंड टाकला.

एक रेघ घोड्याच्या शेपटीतून निघून
टेबलावर उतरली होती,
चहाच्या डागाला वळसा घालून
एफीच्या कागदावर चढली होती,
तिथून नाकावरून घसरत
यादविगाच्या बाहीपर्यंत.
कुणाचा हात कुठे सुटला,
कुणाचा कुठे लागला, कळायला मार्ग नव्हता.

त्यात एक चमचा होता.
किंवा बदक.
डूगलने चष्मा वर केला, खाली वाकला.
"हे कुणाचं? याला चित्र येत नाही."

मी हात वर केला.

टेबल घासायला पाऊण तास लागला.
बुधवारी त्यावर कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरची
सँडविच मांडायची होती.
कडेखाली वळलेली वीतभर रेघ राहून गेली,
ती मी पाहिली. फडकं तिथवर नेलं नाही.

जाताना डबा फिरवला.
डूगलने आपला खोडरबर तेवढा शोधून घेतला.
"नातीला लागतो," म्हणाला, "गणिताला."