सहा अंडी

ट्रक पहाटे चारला उलटा उलटा येतो
आणि इबू वागियेमच्या अंगणात
परक्यांचं जग ओतून जातो.

हसऱ्या कुत्र्याची पिशवी, चीजची वेष्टनं,
कुणा म्हाताऱ्याच्या गोळ्यांची पाकिटं,
वारांची नावं छापलेली, रविवार तेवढा न फोडलेला.
पापड घालावेत तसं ती सगळं उन्हात घालते.

त्यातली एकही भाषा तिला वाचता येत नाही.
पण चिमटीत धरून चुरगळलं, कानाशी नेलं,
की सांगते:
हे धडधडून पेटेल, हे नुसतं धुमसेल.
वायरी वेगळ्या. त्यांचं तांबं सुत्रिस्नो नेतो,
जाळूनच नेतो, इथेच, केळीच्या बुंध्याशी.
एकदा पाच युरोची नोट निघाली, पुलाचं चित्र असलेली.
त्या पुलावरून तिच्या नातीच्या पायात चपला आल्या.

लाकडाचा गाडा चार दिवसांची कमाई खातो,
प्लास्टिकचा, एका दुपारची.
मी वहीत दोन्ही आकडे लिहिले
आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

भट्टीवर सोयाबीनचं दूध उकळतं.
ताहूच्या वड्या कापडात बांधून ठेवतात,
पांढऱ्याशुभ्र, थरथरत्या,
नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारख्या.
वाफ पांढरी, धूर काळा.
छपराखाली ती एकमेकांना शिवत नाहीत.
वर गेल्यावर कोण कुणात मिसळलं, कोण बघतंय?

राख मागच्या दारी.
ती ऊबदार असते,
म्हणून कोंबड्या तिथेच उकरतात, तिथेच बसतात.

मी सुराबायाहून आले होते, गळ्यात ओळखपत्र, हातात शीतपेटी.
सहा अंडी मागितली.
पैसे घेईना. म्हणाली, पहिल्यांदा आलीस.
वर आणखी दोन फोडली, तव्यावर टाकली,
मिरची, मीठ, बाजूला भात.
पिवळं इतकं गर्द की
शहरात तसं मी बघितलंच नव्हतं.

मला माहीत होतं.
म्हणजे अजून आकडे यायचे होते, पण माहीत होतं.
ती समोर बसून वारा घालत होती.
मी खाल्लं.
सगळं.

तीन महिन्यांनी अहवाल घेऊन परत गेले.
पायरीवर बसून तिला वाचून दाखवला,
मोठे शब्द गाळून.
शिसं म्हटल्यावर तिने मला थांबवलं.
"जाळ्याला बांधतात ते? आमचे हे होते तेव्हा
ब्रांतासवर जायचे, पिशवीभर शिसं असायचं घरात.
इतकं जड. अंड्यात कसं मावेल?"

मावतं, इबू.

"मग विकू नको?"
खाऊही नका.
"नातीला रोज एक देते," ती म्हणाली.
मग काहीच म्हणाली नाही.
कोंबडी पायरीशी आली, तिने तिला हुसकलं नाही,
जवळही घेतलं नाही.

उठताना तिने अहवाल मागितला.
मुलगा आला की वाचेल म्हणाली.
कागद नीट चौपदरी घडी करून
तांदळाच्या डब्याखाली सरकवला.
वरचं पारदर्शक कव्हर हातात राहिलं.
सवयीने तिने ते चिमटीत धरलं,
चुरगळलं, कानाशी नेलं,

आणि अंगणातल्या दोन ढिगांपैकी
डावीकडच्या ढिगावर,
चांगलं पेटणाऱ्या,
हलकेच ठेवलं.